जावयासमोर नको

जीवन भामरेचं धुळ्यात बियाणं-खतांचं दुकान होतं, आणि त्या धंद्याने त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली होती. समोरचा गोड बोलायला लागला की आपण सावध व्हायचं. युरिया पाहिजे ना, मग सोबत ही औषधाची बाटलीही उचला, असं म्हणत कंपनीवाले ती न खपणारी बाटली त्याच्या गळ्यात मारायचे. मग हा ती शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचा. "दादा, तुम्ही म्हणता ते औषध यंदा चालत नाही. हे न्या." हे वाक्य तो झोपेतसुद्धा बोलला असता. त्यामुळे सगळी दुनियाच एकमेकांना बाटल्या खपवते आहे, अशी त्याची खात्री झाली होती. हॉटेलात चहा आला तरी हा बाबा आधी कपात डोकावून बघणार आणि मग पिणार. अशा माणसाला जेवायला बोलवायचं म्हणजे डोक्याला तापच की! पण लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना आला होता, आणि धोंड्याच्या जेवणाला जावयाला बोलवायचं नाही तर कोणाला?

सासुरवाडी भडगावजवळ, गिरणेच्या काठी. मे महिन्याचं ऊन असं की अंगणात पाऊल टाकवत नव्हतं. सासूबाई प्रमिलाबाईंनी खापरावर रुमालाएवढ्या पुरणपोळ्या केल्या होत्या, आमरसाचं पातेलं काठोकाठ भरलं होतं, कटाची रशी अशी झणझणीत की वासानेच नाक वाहावं. जीवन आणि दिपमाला पाटावर बसले. दिपमालाचा धाकटा भाऊ नवल पाणी देत होता. आणि सासरे, अभिमन नाना, तुपाची वाटी घेऊन उभे. जावयाला तूप दुसऱ्या कोणी वाढायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

दुसऱ्या पोळीवर तूप सोडताना नानांचा हात मध्येच थांबला. तूप पोळीवर पडायचं ते पाटावर सांडलं. जीवनने वर पाहिलं. नानांच्या कपाळावरून घाम नुसता निथळत होता आणि डाव्या हाताची मूठ छातीशी आवळलेली होती.

"नाना, बसा ना जरा."

"काही नही पाव्हणा, ऊन शे. तुम्ही जेवा," नाना म्हणाले आणि हसायला गेले.

स्वयंपाकघराच्या दारात प्रमिलाबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. अजून कोणी काही बोललंही नव्हतं, तरी बाई इतकी का घाबरली, हे जीवनने बरोबर टिपलं. तेवढ्यात दिपमाला ताटावरून तशीच उठली, आत गेली, देव्हाऱ्यामागून काहीतरी घेऊन आली आणि तिने बापाच्या तोंडात एक गोळी सारली. तीसुद्धा जिभेखाली.

"कसली गोळी ती?" जीवनने विचारलं.

"गॅसची," दिपमाला त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

गॅसची गोळी आणि जिभेखाली? जीवनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण विचारत बसायला वेळ नव्हता. नाना भिंतीला टेकून खाली बसले होते आणि त्या अवस्थेतही हात जोडत होते, पाव्हण्याने ताट सोडू नये म्हणून. माणसाच्या छातीत आग पेटलीय आणि याला जावयाच्या जेवणाची पडलीय! काय म्हणावं या लोकांना? जीवनने हात धुतला न धुतला आणि गाडीची चावी उचलली.

भडगावपर्यंत मागच्या सीटवर मायलेकींची कुजबुज चालू होती. नाना दोघींच्या मध्ये कण्हत होते. एकदा प्रमिलाबाई म्हणाल्या, "जवाईसमोर नको," आणि दिपमालाने आरशातून नवऱ्याकडे पाहून मान खाली घातली. जीवनच्या शेजारी बसलेला नवल काचेबाहेर बघत राहिला. काय जावयासमोर नको? जीवन गाडी चालवत होता, पण कान मागेच होते.

दवाखाना डॉक्टर वृषालीबाईंचा होता. वरच्या मजल्यावर त्यांचं घर, खाली थोड्या खाटा. बाई तरुण होत्या, पण हात चलाख होता. नानांना खाटेवर घेतलं, छातीला वायरी लावल्या, पट्टी निघाली तसा मोबाईलने तिचा फोटो काढून कुठेतरी पाठवला आणि दुसऱ्या मिनिटाला फोनवर इंग्रजीत बोलायला लागल्या. जीवनला हेही खटकलंच. कोणाला फोटो पाठवला? कोणाला विचारून?

"जळगावला माझे सर आहेत, हृदयरोगाचे डॉक्टर," फोन ठेवत वृषालीबाई म्हणाल्या. "हार्ट अ‍ॅटॅक आहे. रक्ताची गुठळी अडकली आहे. जळगावला नेऊन फुगा टाकून नस मोकळी करणं चांगलं, पण तिथे पोहोचेपर्यंत हृदयाचा तो भाग मरत जाणार. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथेच देऊ आणि मग अ‍ॅम्ब्युलन्सने पाठवू. आता मी विचारते त्याची खरी उत्तरं द्या. कधी लकवा मारला होता? पोटात अल्सर, कुठे रक्तस्राव? नुकतं ऑपरेशन?"

"नही, नही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"यापूर्वी हृदयाचा त्रास? असं गुठळीचं इंजेक्शन कधी घेतलंय?"

प्रमिलाबाईंनी पदर कपाळावर आणखी पुढे ओढला. जीवन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. "नही," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज जरा जास्तच ठाम होता.

झालं. नर्सने कपाटातून एक कुपी काढली, सलाईनची बाटली टांगली. हे इंजेक्शन बाटलीतून हळूहळू जातं, जुनं आहे, चांगलं आहे, असं बाईंनी सांगितलं. जीवनने मान डोलावली. जुनं म्हणजे पारखलेलं, हे त्यालाही पटण्यासारखं होतं.

तेवढ्यात नवलने डॉक्टरीणबाईंना हाक मारली आणि दाराबाहेर नेलं. जीवनला काचेतून दिसत होतं. नवल हात जोडून काहीतरी सांगत होता, मान वळवून आत जीवनकडे बघत होता, पुन्हा हात जोडत होता. बाईंचा चेहरा कडक झाला. त्या धावतच आत आल्या.

"थांबा! ते काढा. फ्रीजमधलं दुसरं आणा."

सलाईन काढली गेली. फ्रीजमधून एक छोटा खोका आला. आणि इथे जीवन भामरेमधला दुकानदार ताडकन उभा राहिला.

"एक मिनिट, मॅडम. आत्ता तर ते चांगलं होतं. इतक्यात काय झालं त्याला?"

"यांना ते चालणार नाही. हे देऊ. हे एकदम शिरेत देता येतं, कामही चांगलं करतं."

"आणि महागही असेल!"

"आहे," बाई म्हणाल्या. "पण प्रश्न तो नाही."

ते चालणार नाही, हे न्या. जीवनला हसू आलं की संताप, त्याचं त्यालाच कळेना. अहो, हे तर त्याचंच वाक्य होतं! आता ते त्याच्यावरच चालवायला निघाले काय? कंपनीची काय स्कीम असेल या महिन्यात, कोणाला गोव्याची सहल मिळणार असेल, त्याच्या डोक्यात भराभर चक्र फिरायला लागलं. आणि हा नवल बाहेर जाऊन काय बोलला? की तोही यात सामील? शहरातला जावई आलाय, गाडी त्याची, पैसाही तोच देणार, मग करा महाग इंजेक्शन! असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. मन किती हलकं होऊ शकतं बघा.

"खोका बघू," तो म्हणाला.

त्याने खोका हातात घेतला. बनावट बियाण्याचं पाकीट ओळखायचं तसं सील बघितलं, तारीख बघितली, नंबर बघितला. सगळं ठीक होतं. त्यामुळे तर संशय जास्तच वाढला.

"नवलभाऊ, इथे सही करा," वृषालीबाईंनी कागद पुढे केला. "लवकर!"

नवलने पेन घेतलं आणि जीवनकडे पाहिलं. घरातला मुलगा तो, बाप त्याचा, पण दाजी समोर असताना नवल सही करणार कशी? त्याच्या घरात जावयाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. "दाजी म्हणतील तसं," तो पुटपुटला.

"दाजींना सांगा मग!" बाई चिडून म्हणाल्या. "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

नवलने पुन्हा हात जोडले. आता मात्र जीवनचं टाळकंच सरकलं. "काय सांगायचंय? काय लपवताय तुम्ही दोघं?"

"तुमच्या घरच्यांनाच विचारा. मला बोलू नका म्हणून तुमच्याच माणसांनी सांगितलंय," वृषालीबाई म्हणाल्या. "पण भांडत बसू नका. तिकडे बघा जरा."

खाटेवर नानांचे ओठ काळसर पडत चालले होते. दिपमाला त्यांचे तळवे चोळत रडत होती. जीवनने पाहिलं. म्हातारा त्याला आवडायचा. पण फसवून घ्यायचं कसं? उद्या याच खाटेवर काही बरंवाईट झालं तर, चुकीच्या इंजेक्शनला मान डोलावली कोणी, असं विचारतील ना! त्याने मोबाईल काढला आणि धुळ्याच्या भिकनला लावला. भिकन त्याचा शाळेपासूनचा दोस्त, सरकारी दवाखान्यासमोर त्याचं मेडिकल होतं.

"भिकन, हार्ट अ‍ॅटॅकला दोन इंजेक्शनं असतात का रे गुठळीची? एक जुनं, एक नवं?"

"असतात. का, कोणाला काय झालं?"

"सासऱ्यांना. डॉक्टर जुनं देणार होती, अचानक म्हणते नवंच पाहिजे. काय घोळ आहे?"

"नवं चांगलंच आहे रे. पण जुन्यानेही माणसं वाचतात, आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच देतात. जुन्याची एकच भानगड. एकदा ज्याला दिलं त्याला पुन्हा देत नाहीत. शरीर त्याला ओळखून बसतं. मग दुसऱ्यांदा एक तर ते लागू पडत नाही, नाही तर अंगावर उलटतं, बीपी धाडकन खाली येतं. तुझ्या सासऱ्यांना आधी दिलं होतं का?"

"छे! पहिलाच अ‍ॅटॅक आहे. दणकट माणूस."

"मग बदलायचं तसं कारण नाही," भिकन म्हणाला. "नीट विचार. काहीतरी आहे."

चोरी सापडली! जीवनने फोन खिशात टाकला आणि कोर्टात वकील उभा राहतो तसा बाईंसमोर उभा राहिला.

"मॅडम, मला सगळं कळलंय. जुनं इंजेक्शन फक्त एकाच माणसाला नाकारतात, ज्याला ते आधी दिलेलं असतं. आमच्या नानांना कधी काही झालेलं नाही. मग सांगा, का बदललं?"

वृषालीबाईंनी नवलकडे पाहिलं. नवलने आईकडे पाहिलं. दिपमालाने बापाचे तळवे चोळायचे थांबवले. आणि कोणीच, अगदी कोणीच, जीवनकडे पाहिलं नाही.

तेव्हा कुठे त्याला आपलंच वाक्य नीट ऐकू आलं.

प्रमिलाबाई पुढे आल्या. लग्न झाल्यापासून ही बाई जावयाशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं तर दिपमालाकरवी, नाही तर भिंतीकडे बघून. आज त्यांनी कपाळावरचा पदर मागे केला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"देयेल व्हतं, पाव्हणा," त्या म्हणाल्या. "लगीनना आगोदर. धुयाले, तुमनाच गावले. पोरनं लगीन मोडी जाई म्हनीसन सांगं नही. पाया पडस मी तुमना, आते देऊ द्या त्यास्ले."

आणि बाई खरंच वाकल्या. जावयाच्या पायाला सासू हात लावते आहे, हे बघून नवलच्या तोंडून "आई" एवढंच निघालं. जीवन मागे सरकला. त्याने त्यांचे हात धरले आणि ओरडला, "द्या, मॅडम! द्या लवकर! नवल, सही कर!"

इंजेक्शन शिरेत गेलं. बघता बघता दिलं गेलं की. एवढ्यासाठी तो खोका हातात धरून उभा होता तो.

बाहेरच्या बाकड्यावर दिपमालाने सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत. "नानांना आधी एकदा अ‍ॅटॅक आला होता. तुमचं स्थळ त्याच वेळी चालू होतं. गावात सांगितलं, नाना नाशिकला कामाला गेलेत. धुळ्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, अँजिओग्राफी करा. नाना म्हणाले, लग्न होऊ द्या. लग्न झालं तर म्हणाले, दिवाळसण होऊ द्या. मग म्हणाले, धोंडा होऊ द्या. पुढच्या आठवड्यात जाणार होते हो ते."

"मला सांगायचं ना!" जीवन म्हणाला. "मला तरी सांगायचं! मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

दिपमालाने पहिल्यांदा मान वर केली. "बघायला आला होतात तेव्हा तुमचे पप्पा काय म्हणाले होते, आठवतं? अमळनेरची मुलगी सगळ्यांना पसंत होती, पण तिच्या वडिलांचं हार्टचं निघालं म्हणून आम्ही सोडली. असलं रक्तात उतरतं, आणि म्हाताऱ्याचं काही झालं की लोढणं जावयाच्या गळ्यात. आणि मग विचारलं, तुमच्याकडे नाही ना असं काही? तुम्ही शेजारीच बसला होतात. हसत होतात."

हसत होता. खरंच हसत होता. चिवडा खात होता आणि हसत होता, कारण वडिलांचं बोलणं त्याला धंद्यातल्यासारखं चोख वाटलं होतं. माल घेण्याआधी पारखून घ्यायचा. नाना तेव्हा छातीवर हात मारून म्हणाले होते, "आम्हले काय धाड भरनी शे?" त्या छातीत तेव्हा एक अ‍ॅटॅक येऊन गेलेला होता. जीवनला लाज वाटली. अशी की बाकड्यावर बसवेना.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. एरंडोलपर्यंत जाईतो नानांचा श्वास सरळ झाला, छातीतली आग शमली, वायरींच्या यंत्रावरच्या रेषा बघून सोबतची नर्सही हसली. जळगावला त्यांना आत घेतलं, फुगा टाकला, आणि संध्याकाळी तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "जीव वाचला. भडगावच्या मॅडमनी इंजेक्शन बरोबर निवडलं, दुसरं दिलं असतं तर अवघड होतं. पण हृदयाची ताकद कमी झाली आहे, आता शेतातलं जड काम बंद. थोडं आधी मिळालं असतं तर इतकं नुकसान झालं नसतं."

ते सहज बोलले आणि निघून गेले. त्यांना काय माहीत! नवलने जीवनच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याला तो झटकून टाकावासा वाटला. थोडा वेळ लबाडीने खाल्ला होता आणि थोडा संशयाने. संशयाचा वाटा कोणाचा, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

एकेकाला आत सोडत होते. जीवन गेला तेव्हा नाना जागे होते. जावई दिसताच त्यांनी काय करावं? चादर वर ओढली, छातीवरच्या वायरी झाकल्या आणि कोरड्या ओठांनी हसले.

"गॅस व्हता, पाव्हणा," ते म्हणाले. "तुमनं जेवण राही गयं."

जीवनच्या डोळ्यांना धार लागली. हा दुकानदार गडी, कोणासमोर डोळ्यात पाणी न आणणारा, खाटेचा दांडा धरून हमसून हमसून रडला.

"गॅस नव्हता, नाना. दुसरा अ‍ॅटॅक होता. मला सगळं कळलंय."

नानांचं हसू गेलं. स्वतःच्या जिवासाठी दुपारभर जी भीती वाटली नव्हती, ती आता लेकीसाठी त्यांच्या डोळ्यांत उतरली. त्यांनी जीवनचं मनगट घट्ट धरलं. "पोरले टाकू नका," ते म्हणाले. "तिनी काही चूक नही. मीच सांगू नको म्हणेल व्हतं."

जीवनने नुसती मान हलवली, हो म्हणून, नाही म्हणून, काय म्हणून ते त्यालाही कळलं नाही. तेवढ्यात कागद घेऊन एक शिकाऊ डॉक्टर खाटेशी आला. त्याच्या मागोमाग दारात प्रमिलाबाई आणि दिपमाला आल्या, आणि त्यांच्यामागे धुळ्याहून धावत आलेले जीवनचे वडील, प्रेमराज भामरे. टोपी हातात, चेहरा काळजीचा.

"पेशंटला याआधी कधी हार्टचा त्रास?" शिकाऊ डॉक्टरने विचारलं.

प्रमिलाबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला. नानांनी डोळे मिटून घेतले.

"हो," जीवन म्हणाला. मोठ्याने म्हणाला, दारापर्यंत जाईल असं. "आमच्या लग्नाच्या आधी एक अ‍ॅटॅक येऊन गेलाय. धुळ्याला गुठळीचं जुनं इंजेक्शन दिलेलं आहे. ते यांना पुन्हा कधीच द्यायचं नाही, तसं ठळक लिहा."

"काय?" प्रेमराज पुढे आले. "लग्नाआधी? आम्ही स्पष्ट विचारलं होतं यांना! तुझ्यासमोर विचारलं होतं!"

नानांची मनगटावरची पकड सैल झाली. जीवनने तो हात सोडला नाही, उलट आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"विचारलं होतं, पप्पा," तो म्हणाला. "पण कसं विचारलं होतं, ते आठवा जरा."